तिसाव्या दिवसाचा फोन : चार रुग्णालयांतील निवासी डॉक्टरांच्या एकत्रित अभ्यासाच्या नोंदी

१३ मे २०२४

एम.एस. (शल्यचिकित्सेतील पदव्युत्तर पदवी) नंतरच्या बंधपत्रित सेवेतला माझा हा दुसरा महिना. सीनियर रेसिडेंट म्हणून मार्चअखेरपर्यंत मी याच रुग्णालयात आहे, आणि तेवढ्या काळात एक काम पुरे करायचे ठरवले आहे. मराठवाड्यातील आमच्या आणि शेजारच्या दोन महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या यंदाच्या सिनॉप्सिस (प्रबंधांचे आराखडे) पाहताना असे आढळले की तिघांनी एकमेकांना न विचारता एकच विषय घेतला आहे : पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर जखमेत होणारा संसर्ग. प्रत्येकाचे साठ रुग्ण, प्रत्येकाची संसर्गाची व्याख्या वेगळी, आणि प्रत्येकाचा कालावधीही वेगळा. एकाने तर रुग्ण घरी जाईपर्यंतच पाहायचे ठरवले आहे. हे तीन प्रबंध बांधून झाले की तीन ग्रंथालयांत जातील आणि त्यांतले आकडे एकमेकांत कधीच मिळवता येणार नाहीत.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या परिसरातील प्रशिक्षणार्थी सर्जननी २००७ मध्ये वेस्ट मिडलँड्स रिसर्च कोलॅबोरेटिव्ह नावाचा गट काढला. प्रशिक्षणार्थी दर काही महिन्यांनी रुग्णालय बदलतो, म्हणून त्याच्या हातून मोठे संशोधन होत नाही, हीच तिथली तक्रार होती. गटाने तीच गोष्ट उलटी वापरली आणि बदली होऊन नव्या जागी गेलेल्या प्रत्येकाने अभ्यास तिथे सुरू केला. त्यांच्या रॉसिनी चाचणीत २१ रुग्णालयांतील ७६० रुग्ण होते. जखमेच्या कडांना लावायच्या प्लॅस्टिकच्या आवरणाने संसर्ग कमी होत नाही, असा तिचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आम्हीही या तिन्ही ठिकाणी मिळून एकच अभ्यास करणार आहोत, पण ती उपचाराची चाचणी नसेल. उपचारात काहीही न बदलता केवळ नोंद करणार आहोत आणि तिसाव्या दिवशी रुग्णाला फोन करून जखमेची विचारपूस करणार आहोत. जे कुणी पुढे असे काही करतील त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवत आहे.

२८ मे

प्रोफॉर्मा, म्हणजे प्रत्येक रुग्णाची माहिती भरायचा फॉर्म, तयार झाला आणि त्यात ६१ रकाने झाले. प्रत्येकाने आपल्या आवडीचा रकाना घातला होता : अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन), तंबाखूचे दिवसाचे प्रमाण, टाक्याच्या धाग्याची जात, शस्त्रक्रियागृहाचे तापमान. तापमान कोण मोजणार, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. मी स्वतः रात्री अडीच वाजता एका रुग्णाचा प्रोफॉर्मा भरून पाहिला. त्याला २३ मिनिटे लागली आणि त्यांपैकी निम्मा वेळ केसपेपरमध्ये न सापडणाऱ्या गोष्टी शोधण्यात गेला.

त्यावरून एक नियम केला : रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून, केसपेपर आणि ओटी नोट (शस्त्रक्रियेची नोंद) एवढ्यावरच जो रकाना भरता येत नाही तो काढून टाकायचा. उरले २२ रकाने आणि वेळ सात मिनिटे. अल्ब्युमिनसाठी आग्रह धरणाऱ्याची नाराजी अजून गेलेली नाही, पण आमच्याकडे रात्री तो तपास होतच नाही.

१९ जून

नैतिकता समितीकडे अर्ज दिले. इथे पहिली मोठी चूक झाली आणि ती पूर्णपणे माझी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अनेक केंद्रांच्या अभ्यासासाठी एका मुख्य समितीने परीक्षण करावे आणि इतर समित्यांनी ते मान्य करावे, अशी सोय आहे. ती मी नीट न वाचता तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी स्वतंत्र अर्ज पाठवले. तिन्ही समित्या वेगवेगळ्या दुरुस्त्या सांगणार आणि आमच्या हाती संमतिपत्राचे तीन अवतार येणार, हे तेव्हा सुचले नाही.

१० जुलै

आमच्या समितीपुढे हजर राहिले. समितीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरचे एक सदस्य असतात. आमच्याकडे ते निवृत्त शिक्षक आहेत. डॉक्टर सदस्यांनी नमुन्याची संख्या आणि सांख्यिकी यांवर विचारले. गुरुजींनी एकच प्रश्न विचारला : “तुम्ही तिसाव्या दिवशी फोन करणार. फोन उचलणारा माणूस रुग्णच असेल हे कशावरून?”

उत्तर माझ्याकडे नव्हते. आमच्या रुग्णांपैकी कितीतरी जणांनी दिलेला क्रमांक मुलाचा, जावयाचा किंवा शेजारच्या किराणा दुकानाचा असतो. फोन उचलणाऱ्याला आपण “तुमच्या सुनेचे आतड्याचे ऑपरेशन झाले होते, तिच्या जखमेत पू आहे का” असे विचारून बसलो, तर तिची माहिती तिच्या परवानगीविना घरभर जाते. त्याच सभेत आणखी एक गोष्ट उघड झाली : आम्ही चाचणी म्हणून बनवलेल्या गूगल फॉर्ममध्ये रुग्णाचे नाव आणि मोबाईल क्रमांक दोन्ही होते आणि तो फॉर्म चौदा जणांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरत होता. त्या फॉर्ममध्ये खऱ्या रुग्णाची एकही नोंद नव्हती, हे नशीब. त्याच संध्याकाळी तो काढून टाकला.

आता व्यवस्था अशी आहे. प्रत्येक केंद्रावर एक जाड रजिस्टर आहे, ज्यात अभ्यास-क्रमांकासमोर नाव आणि फोन लिहिला जातो आणि ते कुलुपात राहते. बाहेर जाणाऱ्या तक्त्यात फक्त अभ्यास-क्रमांक असतो. संमतिपत्रात “माझ्याशी बोलणे झाले नाही तर या व्यक्तीला विचारले तरी चालेल” अशी ओळ घातली आणि तिच्यापुढे नाव लिहायला जागा ठेवली.

२१ जुलै, रविवार

प्रादेशिक प्रशिक्षण. तीन केंद्रांतील चौदा जेआर (ज्युनियर रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी) आमच्या सेमिनार हॉलमध्ये आले. दूरचे लोक पहाटेच्या एसटीने निघाले होते. पोहे, चहा आणि दुपारचे जेवण मिळून १,८५० रुपये खर्च झाला, तो मी आणि दोन लेक्चररांनी वाटून घेतला.

मी स्लाइड केल्या नव्हत्या. दहा रुग्णांची वर्णने छापून वाटली आणि प्रत्येकाने शेजाऱ्याशी न बोलता दोन गोष्टी लिहायच्या असे सांगितले : जखमेचा वर्ग कोणता (ती किती दूषित आहे त्यावरून एक ते चार), आणि संसर्ग झाला की नाही. चौथा रुग्ण अपेंडिक्स फुटून पोटात पू झालेला होता. चौदांपैकी आठ जणांनी चौथा वर्ग, म्हणजे ‘डर्टी’, लिहिला. सहा जणांनी तिसरा, म्हणजे ‘कंटॅमिनेटेड’. हे सगळे जण आठवड्याला अशा दोन-तीन शस्त्रक्रिया करतात किंवा त्यांत मदत करतात, आणि रोज ओटी नोटमध्ये हा वर्ग लिहितात. सूज आहे पण पू नाही अशा अपेंडिक्सला तिसरा वर्ग आणि फुटलेल्या, पू असलेल्याला चौथा, हे फळ्यावर लिहून दिल्यावर सहांपैकी एक जण म्हणाला की आमच्या युनिटमध्ये सर चौथा वर्ग लिहू देत नाहीत, कारण मग जखम उघडी का ठेवली नाही असे मॉर्बिडिटी मीटिंगमध्ये (गुंतागुंत झालेल्या रुग्णांवरच्या चर्चेत) विचारले जाते.

हे वाक्य मी इथे मुद्दाम नोंदवते आहे. व्याख्या पाठ करून घेतल्याने हा घोटाळा सुटणार नव्हता. म्हणून प्रोफॉर्मात वर्ग विचारणेच बंद केले आणि त्याजागी तीन साधे प्रश्न घातले : आतडे किंवा अपेंडिक्स फुटले होते का, पोटात पू होता का, विष्ठा होती का. वर्ग आम्ही नंतर तक्त्यावरून काढू.

संसर्गाच्या व्याख्येवर दुपार गेली. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची ३० दिवसांची व्याख्या घेतली. टाक्यांतून येणारे पिवळसर पाणी आणि पू यांतला फरक सांगताना कितीही नेमके शब्द वापरले तरी दहापैकी दोन वर्णनांवर शेवटपर्यंत एकमत झाले नाही. त्या दोन्हींत डॉक्टरने टाका काढून जखम उघडली होती. शेवटी तो स्वतंत्र रकाना केला : कुणी टाके काढून जखम उघडली का?

१९ ऑगस्ट

५ ऑगस्टला फक्त आमच्या केंद्रावर चाचणी-फेरी, म्हणजे सरावाची फेरी, सुरू केली होती. सलग दोन आठवडे, आणि त्यात आलेला एकही रुग्ण सोडायचा नाही, ही पद्धत २०१४ च्या ग्लोबलसर्ज अभ्यासाची आहे. त्यात ५८ देशांतून दहा हजारांवर रुग्णांची नोंद झाली होती. आमचा मूळ विचार सलग सहा महिने नोंद करण्याचा होता. इमर्जन्सीच्या दिवशी ज्याला जेवायला वेळ मिळत नाही, त्याच्याकडून सहा महिने रोज फॉर्मची अपेक्षा करण्यात अर्थ नाही; दोन आठवडे मात्र तो दात-ओठ खाऊन करतो.

आठ दिवसांत १७ रुग्ण झाले आणि नवव्या दिवशी काम थांबले. कोलकात्यातील रुग्णालयात निवासी महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्या घटनेनंतर १३ ऑगस्टपासून राज्यातील निवासी डॉक्टरांनी संप पुकारला. तातडीच्या सेवा चालू होत्या, शस्त्रक्रियाही होत होत्या, पण मागे उरलेल्या मोजक्या हातांकडे फॉर्म मागणे योग्य नव्हते आणि मी ते मागितलेही नाहीत. फेरी अर्धवट सोडली. सतरा फॉर्मांतून जे शिकायचे ते शिकून झाले होते.

त्यातले मुख्य हे. आम्ही एक हौशी रकाना ठेवला होता : पोट शिवण्यापूर्वी हातमोजे आणि उपकरणे बदलली का? चीता नावाच्या चाचणीत, ज्यात भारतासह सात देशांतले १३,३०१ रुग्ण होते, एवढ्याच बदलाने संसर्गाचे प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले, हे २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात वाचल्यापासून हा प्रश्न डोक्यात होता. सतरापैकी पंधरा फॉर्मांत “होय” अशी खूण होती. मी आनंदून ओटीच्या इन्चार्ज सिस्टरना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, “मॅडम, रात्री उपकरणांचा सेट एकच असतो, दुसरा निर्जंतुक व्हायला ऑटोक्लेव्हमध्ये. बदलणार काय?” मुलांनी खोटे लिहिले असे मी म्हणणार नाही, “होय” हे उत्तर अपेक्षित आहे हे त्यांना कळत होते, आणि कुणी हातमोजे बदलले असतील तर तेवढ्यावर खूण केली असेल. रकाना काढून टाकला. उत्तर देणाऱ्याला लाज वाटेल असा प्रश्न त्याच्याच फॉर्ममध्ये ठेवायचा नाही, एवढे मात्र त्यातून मिळाले.

११ सप्टेंबर

तिसऱ्या केंद्राच्या समितीची परवानगी आज आली. अर्ज १९ जूनचा, म्हणजे बारा आठवडे गेले. हे केंद्र विश्वस्त संस्थेचे आहे आणि तिथे परीक्षणाचे शुल्क ३,००० रुपये भरावे लागले. मधल्या काळात दुसऱ्या केंद्राने संमतिपत्रात सुचवलेली दुरुस्ती तिसऱ्याला मान्य नव्हती, तिसऱ्याची पहिल्याला. मी दोनदा एसटीने जाऊन सचिवांना भेटले तेव्हा एक समान मसुदा ठरला. महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे प्रवासाचा खर्च निम्म्यावर आला, ही या प्रकल्पाला मिळालेली एकमेव शासकीय मदत.

जो हे वाचून काम सुरू करील त्याने आधी एकाच समितीकडे जावे, तिचे मंजुरीपत्र आणि मंजूर मसुदा घेऊन मग इतरांकडे जावे. इतर समित्या तो मंजूर मसुदा मान्य करतीलच असे नाही, पण निदान बोलणे एकाच कागदावर होते.

६ ऑक्टोबर

पहिली खरी फेरी १६ ते २९ सप्टेंबर या काळात तीन केंद्रांवर झाली. फॉर्म आले ५८. सगळे खूश होते. मी आणि दुसऱ्या युनिटचा एक जेआर-२ (दुसऱ्या वर्षाचा जेआर) मिळून तिन्ही ठिकाणची ओटी रजिस्टरे तपासली. त्यांत निकषात बसणारे ७१ रुग्ण निघाले. म्हणजे १३ सुटले.

नुसता आकडा पाहून मी एवढी घाबरले नसते. हे तेरा कोण होते ते पाहिल्यावर घाबरले. नऊ जणांची शस्त्रक्रिया रात्री बारा ते सकाळी आठच्या दरम्यान झाली होती. त्यांपैकी तिघे दोन दिवसांत दगावले आणि एकाला नातेवाइकांनी डामा (वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) लिहून घरी नेले. रात्रीचा डॉक्टर फॉर्म सकाळवर ढकलतो, सकाळी दुसरा डॉक्टर येतो, आणि रुग्ण तोवर आयसीयूत किंवा शवागारात गेलेला असतो. सर्वांत गंभीर रुग्णच तक्त्याबाहेर राहत होते. हे तपासले नसते तर आमचे निकाल प्रत्यक्षापेक्षा चांगले दिसले असते आणि आम्ही ते मान वर करून मासिकॉनमध्ये (राज्यातील सर्जनच्या परिषदेत) वाचून दाखवले असते.

दुरुस्ती अगदी साधी होती आणि ती एका सिस्टरने सुचवली. ओटी रजिस्टरमध्ये शेवटच्या रकान्यात अभ्यास-क्रमांक लिहायचा. क्रमांक नसेल तर सकाळच्या पाळीला रजिस्टर बंद करताना रिकामी जागा दिसते. रजिस्टर भरणे हे सिस्टरांचे रोजचे कामच असल्यामुळे नवे काही करावे लागले नाही. सुटलेल्या तेरांचे फॉर्म केसपेपरवरून भरले. दोन केसपेपर एमआरडीत (रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात) सापडायला चार दिवस लागले. जे घरी गेले होते त्यांना फोन करून, आणि ते पुन्हा दाखवायला आल्यावर, संमती घेतली. दगावलेल्यांच्या आणि डामा घेऊन गेलेल्याच्या बाबतीत समितीला पत्र लिहून विचारले आणि त्यांच्या उत्तराप्रमाणे केले.

९ ऑक्टोबर

दुसऱ्या केंद्रावरून अकरा दिवस काहीच हालचाल नव्हती. फोनवर कळले की तिथले आमचे दोन्ही नोंद करणारे जेआर-२ जिल्हा निवासी कार्यक्रमासाठी तीन महिने जिल्हा रुग्णालयात गेले आहेत. रजिस्टर एका टेबलाच्या खणात होते आणि खणाची किल्ली एकाच्या बॅगेत. तिसाव्या दिवसाचे फोन १६ तारखेपासून सुरू व्हायचे आहेत.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हा कार्यक्रम सगळ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना बंधनकारक केला आहे, आणि त्याचे वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला विभागात लागते. मला ते विचारणे सुचले नाही. बर्मिंगहॅमच्या गटाचे उदाहरण मी मे महिन्यात मोठ्या तोऱ्यात लिहिले होते. बदली होणारा माणूस ही अडचण नसून संधी आहे वगैरे. प्रत्यक्षात पहिली बदली झाली तेव्हा माझ्याकडे हॅन्डओव्हरचा साधा कागदही नव्हता.

आता प्रत्येक केंद्रावर दोन नावे ठरवली आहेत, आणि ती वेगवेगळ्या वर्षांची असतील असे पाहिले आहे. पोस्टिंग बदलण्याआधी जाणारा आणि येणारा यांनी रजिस्टरसमोर बसून बाकी फोनांची यादी मोजायची आणि दोघांनी सही करायची. तोंडी सांगितलेले हॅन्डओव्हर धरायचे नाही.

जिल्हा रुग्णालयात गेलेल्या त्या दोघांपैकी एकाने परवा मला विचारले की, इथेही रोज पोट उघडले जाते, मग इथे का नको? जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचे पत्र आणि समितीकडे दुरुस्ती-अर्ज, दोन्ही आज पाठवले.

३० ऑक्टोबर

फोन. या कामाविषयी सगळ्यात जास्त लिहावे असे वाटते.

७१ पैकी ६ रुग्ण रुग्णालयातच दगावले होते, त्यामुळे फोन करायचे होते ६५. पहिल्या दमात संपर्क झाला फक्त ३८ जणांशी. कारणे : क्रमांक बंद, क्रमांक चुकीचा, वाजतो पण उचलत नाहीत. शेवटच्याचे कारण असे निघाले की आमचे जेआर स्वतःच्या मोबाईलवरून, ड्युटी संपल्यावर, दुपारी दोनला फोन करत होते. अनोळखी क्रमांक कुणी उचलत नाही, आणि दुपारी दोनला ज्याच्याकडे फोन आहे तो शेतात किंवा कामावर असतो. एका वेगळ्या सिमकार्डाची व्यवस्था केली, तो क्रमांक डिस्चार्ज कार्डावर ठळक छापला, “या नंबरवरून आम्ही फोन करू” असे रुग्णाला आणि सोबतच्याला तोंडी सांगितले, आणि वेळ संध्याकाळी सात ते नऊ ठेवली. जुना क्रमांक चुकीचा निघाला तेव्हा जन आरोग्य योजनेच्या कक्षातील आरोग्यमित्रांमार्फत रुग्णाच्या घरी निरोप दिला; क्रमांक आम्हाला न देता त्यांनीच फोन करावा असे समितीने सांगितले होते. असे करत ६५ पैकी ५७ जण मिळाले. एका यशस्वी संभाषणामागे सरासरी चार वेळा फोन करावा लागला.

मग बोलायचे काय? आमच्या पहिल्या मजकुरात प्रश्न होता : “शस्त्रक्रियेच्या जखमेतून पूसदृश स्राव झाला का?” पहिल्या दहा जणांनी “नाही” सांगितले. अकराव्या आजींनी “नाही” सांगून पुढे म्हटले, “पाणी आलतं थोडं, गावातल्या डॉक्टरनं दोन टाके मोकळे केले अन् आठ दिवस पट्टी केली.” आधीच्या दहांना पुन्हा फोन केले, त्यांतल्या तिघांची अशीच हकीकत निघाली. पू हा शब्द लोक वास येणाऱ्या, घट्ट, पांढऱ्या पुवासाठी राखून ठेवतात. बाकी सगळे पाणी. आणि डॉक्टरने औषध देऊन बरे केले म्हणजे “झालेच नाही” असा हिशेब असतो.

नवा मजकूर असा केला : घरी गेल्यावर टाक्यांतून काही आले का, कपड्याला डाग पडायचा का, कुणा डॉक्टरला किंवा सिस्टरला दाखवले का, त्यांनी टाका काढला का, पट्टी किती दिवस केली, सुई किंवा गोळ्या दिल्या का. या क्रमाने विचारले तर लोक आपणहून सगळी गोष्ट सांगतात. तांड्यावरच्या रुग्णांशी बोलायला बंजारा बोली येणारी एक इंटर्न मिळाली आणि तिच्यामुळे सहा संभाषणे पुरी झाली. हिंदीतला मजकूर आम्ही आधी पुस्तकी हिंदीत लिहिला होता, तो इथल्या मुसलमान मावशींना कळेना. आमच्याच वॉर्डातल्या एका अटेंडंट मामांनी तो दखनी वळणाने सांगून लिहवून घेतला.

८ डिसेंबर

दुसरी फेरी १८ नोव्हेंबर ते १ डिसेंबर, चार केंद्रांवर. मध्ये २० तारखेला विधानसभेचे मतदान होते. त्या दिवशी एका केंद्रावर केवळ एक जेआर होता, तरी ओटी रजिस्टरच्या रकान्यामुळे एकही रुग्ण सुटला नाही. ८३ रुग्ण, आणि रजिस्टरशी पडताळणीत फरक शून्य. जिल्हा रुग्णालयाचे फॉर्म सर्वांत स्वच्छ आले, कारण तिथे संध्याकाळी सातनंतर दुसरे काही करायला नसते, असे तिथल्याने स्वतःच सांगितले.

एक अनपेक्षित फायदाही झाला. आमच्या केंद्रावरून घरी गेलेला एक रुग्ण जखम उघडल्यामुळे जिल्हा रुग्णालयात पट्टीला जात होता. फोनवर त्याच्या भावाने “सगळे ठीक” सांगितले होते. तिथल्या जेआरने डिस्चार्ज कार्डावरचा अभ्यास-क्रमांक ओळखला आणि कळवले.

५ जानेवारी २०२५

दुसऱ्या फेरीत ५ मृत्यू. ७८ पैकी ७० जणांशी बोलणे झाले. न मिळालेल्या आठांपैकी पाच ऊसतोडीला गेले आहेत. गाळप हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू झाला आणि टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेल्या. पोटावर टाके असलेला माणूस चौथ्या आठवड्यात कोयता हाती घेतो, हे आपण डिस्चार्ज कार्डावर “तीन महिने जड काम टाळावे” असे लिहितो तेव्हा आपल्याला दिसत नाही. एका मुकादमाचा क्रमांक रुग्णाच्या आईने दिला होता. मी फोन केला नाही. उचल घेतलेल्या माणसाच्या आजारपणाची चौकशी त्याच्या मुकादमाकडे करणे बरोबर वाटले नाही. त्या पाच जागा तक्त्यात रिकाम्या राहतील. पुढची फेरी ऑक्टोबरच्या आधी संपवावी, ही नोंद पुढच्यांसाठी.

१२ जानेवारी

लेखकांच्या नावांवरून भांडण झाले. ते होणार हे माहीत असूनही मी ते मे महिन्यापासून टाळत आले होते. मूळ विचार असा होता की निबंध गटाच्या एकाच नावाने द्यायचा आणि सगळ्यांची नावे सहयोगी म्हणून खाली यादीत यावीत, जसे ब्रिटनमधले गट करतात. दोन लेक्चररांनी स्पष्ट सांगितले की वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या पात्रता-नियमांत बढतीसाठी पहिल्या तीन लेखकांचे किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाचेच काम मोजले जाते. गटाच्या नावाखालच्या यादीतील त्रेचाळिसाव्या नावाचा त्यांना उपयोग नाही. त्यांचे चूक नाही. त्यांनी रविवार घातले, पदरचे पैसे घातले.

तीन तास बसून असे ठरले. मुख्य निबंध गटाच्या नावाने. त्याच तक्त्यातून निघणारे तीन छोटे प्रश्न वेगळे काढले आणि त्यांवर नावानिशी लेख लिहायचे : फोनने विचारपूस करण्याची पद्धत, रात्रीच्या सुटलेल्या नोंदी, आणि जिल्हा रुग्णालयातील पट्टीची सोय. प्रत्येकात पहिले नाव फॉर्म भरणाऱ्या जेआरचे, शेवटचे आणि पत्रव्यवहाराचे लेक्चररांचे. एका केंद्राच्या विभागप्रमुखांना हे मान्य नव्हते. त्यांची सही येईपर्यंत तीन आठवडे गेले. हा कागद पहिल्या सभेत झाला असता तर अर्ध्या तासात झाला असता, कारण तेव्हा वाटून घेण्यासारखे काही नव्हते.

१६ फेब्रुवारी

तक्ता साफ करण्यात दोन रविवार गेले. एका केंद्राच्या संगणकावर तारीख अमेरिकी पद्धतीने महिना आधी घेत होती, त्यामुळे ५ डिसेंबरचे डिस्चार्ज १२ मे झाले आणि चौदा रुग्ण शस्त्रक्रियेच्या आधीच घरी गेले. कागदी फॉर्म जपून ठेवले होते म्हणून ते सुधारता आले. ज्या केंद्राचे पाच टक्क्यांहून जास्त रकाने रिकामे असतील ते वगळायचे, हा ग्लोबलसर्जचा नियम आम्ही स्वतःला लावून घेतला होता. पहिल्या फेरीत तिसरे केंद्र त्यात अडकले. केसपेपरवरून भरून काढता आले तेवढे भरले, तरी ते सहा टक्क्यांच्या वर राहिले. त्याची पहिल्या फेरीची नोंद वगळली. तिथल्या जेआरना हे सांगायला मी स्वतः गेले.

एकूण खर्च : छपाई २,१४० रुपये, सिम आणि रिचार्ज १,७००, प्रवास १,३६०, समितीचे शुल्क ३,०००, प्रशिक्षणाचा दिवस १,८५०. म्हणजे १०,०५० रुपये. फोन हँडसेट एका सरांचा जुना.

संसर्गाचे आकडे इथे लिहीत नाही. सांख्यिकीचे काम अजून चालू आहे आणि अर्धवट आकडा एकदा बाहेर गेला की तोच सगळीकडे फिरतो.

२३ मार्च

बंधपत्राचे माझे आठ दिवस उरले. आज हॅन्डओव्हर केले. जेआर-२ आणि मी रजिस्टरसमोर बसलो. चाचणी-फेरीतील सतरा रुग्णांच्या पानांवर तिला दोन जागा कोऱ्या दिसल्या : संपाच्या आठवड्यात घरी गेलेले दोघे, ज्यांना तिसाव्या दिवशी कुणीच फोन केला नव्हता. अभ्यासाच्या दृष्टीने आता त्याचा काही उपयोग नाही, असे मी म्हटले. ती म्हणाली, “मॅडम, आपण फोन करू असं त्यांना सांगितलं होतं ना?”

संध्याकाळी सात वाजता तिने दोन्ही क्रमांक लावले. एक बंद होता. दुसऱ्यावर बाई बोलल्या. जखम बरी आहे, हर्निया वाटतो आहे, कुठे दाखवू विचारत होत्या. तिने सोमवारच्या ओपीडीला बोलावले. मग आम्ही दोघींनी सह्या केल्या, आणि कुलपाची किल्ली आणि सिमकार्ड मी तिच्याकडे दिले.